दोन ॲक्सलचा ट्रॅव्हल ट्रेलर : चार वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

गाडीमागे जोडून नेण्याचा हा दोन ॲक्सलचा ट्रॅव्हल ट्रेलर मी चार वर्षांपूर्वी नवा घेतला आणि तेव्हापासून तो सुमारे ३८,००० किलोमीटर ओढला आहे. खरेदीनंतर पहिल्याच महिन्यात लिहिलेली परीक्षणे पुष्कळ वाचायला मिळतात. त्यांत पलंगाची रुंदी, कपाटांची संख्या आणि खिडक्यांतून येणारा उजेड यांची चर्चा असते. ट्रेलर खरोखर कसा बनवला आहे हे मात्र पहिल्यांदा हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग, उघडल्यावर, पहिल्यांदा छतावर नजर टाकल्यावर आणि पहिल्यांदा उतारावर मागून हिसका बसल्यावर कळते. ज्या भागाच्या बिघाडाने जीव धोक्यात येऊ शकतो तो भाग मालकाला सहज पाहता येतो का, त्याला हात लावता येतो का, ही माझी मुख्य कसोटी आहे, कारण जिथे पोहोचायला पाच स्क्रू काढावे लागतात ती तपासणी पुढच्या वेळेवर ढकलली जाते. या कसोटीला ट्रेलरची चाके, ब्रेक आणि गॅसची व्यवस्था उत्तम उतरते. छत आणि विजेची जोडणी उतरत नाही, आणि वजनाविषयीची माहिती तर धोकादायक वाटावी इतकी अपुरी आहे. निर्मात्याचे नाव मुद्दाम देत नाही. याच धर्तीचा सांगाडा आणि उपकरणे अनेक ट्रेलरांत बसवलेली असतात, त्यामुळे पुढील निरीक्षणे कोणालाही आपल्या ट्रेलरशी ताडून पाहता येतील.

सुरुवात वजनापासून करते, कारण माझी सर्वांत गंभीर तक्रार तिथेच आहे. पाटीवर रिकाम्या ट्रेलरचे वजन १,७२० किलो आणि सामानासह कमाल वजन २,३५० किलो दिले आहे. हिचच्या, म्हणजे गाडीमागील जोडणीच्या, बॉलवर पडणाऱ्या भारासाठी पुस्तिकेत १९५ किलो हा एकच आकडा आहे आणि तो रिकाम्या ट्रेलरचा आहे. अशा रचनेच्या ट्रेलरमध्ये भरलेल्या वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार बॉलवर असावा असे धरतात; तो कमी पडला की मागचे टोक वरचढ होते आणि वेग वाढताच ट्रेलर झुलू लागतो. रिकाम्या ट्रेलरच्या हिशेबाने १९५ किलो हे प्रमाण योग्यच आहे, परंतु रिकामा ट्रेलर घेऊन कोणी प्रवासाला निघत नाही.

पहिल्याच वर्षी एका लांब उतारावर याचा अर्थ मला कळला. पाण्याची १५० लिटरची टाकी काठोकाठ भरलेली होती, हत्यारांची जड पेटी मागच्या कप्प्यात होती आणि वेग ताशी ९० किलोमीटर होता. एक मोठा ट्रक शेजारून पुढे गेला. त्याच्या पुढच्या भागाने ढकललेल्या हवेने ट्रेलरचे मागचे टोक आधी बाहेर रेटले गेले, ट्रक पुढे सरकताच ते त्याच्या बाजूला ओढले गेले, आणि ट्रक निघून गेल्यावरही झोके थांबले नाहीत. तिसरा झोका दुसऱ्यापेक्षा मोठा होता. अशा वेळी पाय आपोआप ब्रेककडे जातो. तो तिथे जाऊ देऊ नये, कारण पुढची गाडी अचानक मंदावली की मागचा ट्रेलर तिला ढकलून आडवी करू शकतो. स्टिअरिंग उलटसुलट फिरवूनही झोके वाढतातच. मी ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवले आणि ट्रेलरचे विजेवर चालणारे ब्रेक गाडीतून लावणाऱ्या ब्रेक कंट्रोलरवरील हाताने चालवायची कळ सरकवून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावले. मागून ताण बसला, ट्रेलर ओळीत आला आणि वेग ६० वर उतरल्यावर सगळे शांत झाले. ही कळ ड्रायव्हरच्या हाताला न बघता सापडेल अशा जागी बसवून घेणे आणि मोकळ्या, सपाट रस्त्यावर ती वापरून पाहणे हे पहिल्या प्रवासाआधीचे काम आहे.

त्यानंतर मी वजनकाट्यावर गेले. आधी फक्त गाडी काट्यावर उभी केली. मग ट्रेलर जोडून गाडीची चाके काट्यावर आणि ट्रेलरची बाहेर ठेवली. या दोन आकड्यांतील फरक म्हणजे बॉलवरचा भार. शेवटी दोन्ही मिळून वजन घेतले आणि त्यातून गाडीचे वजा केले. ट्रेलर २,२४० किलो भरला आणि बॉलवर १८० किलो आले, म्हणजे जेमतेम ८ टक्के. पाण्याची टाकी ॲक्सलच्या मागे बसवलेली आहे हे पुस्तिकेतील आकृतीत दिसते, पण त्याचा परिणाम कुठेही लिहिलेला नाही. टाकी रिकामी करून पुन्हा मोजल्यावर वजन २,०९० आणि बॉलवरचा भार २२० किलो झाला, म्हणजे नुसते पाणी भरल्याने पुढचा भार ४० किलोने घटत होता. मग हत्यारांची ४० किलोची पेटी मागच्या कप्प्यातून पुढच्या कप्प्यात हलवली, आणि टाकी भरलेली असतानाही बॉलवर २२९ किलो, म्हणजे १० टक्क्यांहून थोडा अधिक भार आला. तेवढ्या एका पेटीने ट्रेलरचा स्वभाव बदलला. आता मी टाकी चतुर्थांश भरूनच निघते, जड सामान ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे आणि शक्य तितके जमिनीलगत ठेवते, आणि मागच्या कप्प्यात फक्त हलक्या वस्तू जातात. वाढलेला भार आपल्या गाडीच्या आणि हिचच्या मर्यादेत बसतो की नाही हेही त्याच वेळी पाहावे लागते.

विक्रेत्याने ट्रेलरबरोबर भार विभागणारा हिच दिला होता. त्यातील स्प्रिंगच्या दांड्या बॉलवरच्या भाराचा काही हिस्सा गाडीच्या पुढच्या चाकांकडे परत पाठवतात, त्यामुळे गाडीचे मागचे टोक बसत नाही आणि स्टिअरिंगची पकड टिकते. हे उपकरण चांगले आहे आणि मी ते प्रत्येक प्रवासात वापरते. मात्र चुकीच्या जागी ठेवलेले सामान त्याने दुरुस्त होत नाही; त्या उतारावर दांड्या लावलेल्याच होत्या.

बॉलवर बसणाऱ्या कपलरची बनावट भक्कम आहे आणि बॉलचे माप त्यावर स्पष्ट कोरलेले आहे. ५० मिलिमीटरचा आणि २ इंचाचा बॉल शेजारी ठेवले तर डोळ्यांना सारखेच दिसतात, म्हणून कोरलेले माप वाचणे हाच उपाय. खटका बसल्याचा आवाज आला तरी मी त्यावर विसंबत नाही. पुढचा जॅक थोडा वर घेऊन गाडीचे मागचे टोक उचलले जाते का ते पाहते. उचलले गेले तर कपलर बॉलला खरोखर पकडून आहे. सुरक्षा साखळ्या ट्रेलरच्या पुढच्या दांड्याखाली एकमेकींवर फुली करून जोडायच्या असतात, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडा रस्त्यावर न आदळता साखळ्यांच्या झोळीत पडतो. या ट्रेलरच्या साखळ्यांची लांबी अगदी योग्य आहे: वळणावर ताणल्या जात नाहीत आणि रस्त्यालाही घासत नाहीत.

चाकांच्या बाबतीत निर्मात्याचे मनापासून कौतुक करावेसे वाटते. चारही हबांना मोकळी जागा आहे, जॅक कुठे लावायचा त्या जागा सांगाड्यावर रंगाने दाखवल्या आहेत, आणि ब्रेक समायोजित करण्याची दातेरी चकती मागच्या प्लेटमधील झडपेतून हाताला लागते. हबच्या टोकाला रबरी टोपण काढून ग्रीस भरण्याची सोय आहे. ती सोयीची असली तरी तिच्यावर विसंबून हब उघडणे टाळू नये, कारण बाहेरून ग्रीस रेटल्याने बेअरिंगची अवस्था दिसत नाही, आणि जास्त दाबाने रेटले तर आतले सील हटून तेच ग्रीस ब्रेकच्या लायनरवर, म्हणजे घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीवर, पसरते.

माझ्या बाबतीत तिसऱ्या वर्षी नेमके असेच घडले, आणि ते लक्षात आले ते एका साध्या सवयीमुळे. प्रत्येक थांब्यावर मी इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही हबांचे तापमान पाहते. आकडा किती आहे यापेक्षा चौघांत किती फरक आहे याला महत्त्व असते. एखादा हब इतरांपेक्षा खूप तापलेला असेल तर बेअरिंग बिघडले आहे किंवा ब्रेक घासतो आहे असे समजावे. त्या दिवशी घाट उतरून थांबल्यावर तीन हब ८० अंशांच्या आसपास होते आणि मागचा डावा अवघा ४५ अंशांवर होता. थंड हब पाहून बरे वाटण्याचा संभव असतो. वास्तविक त्याचा अर्थ असा होता की त्या चाकाचा ब्रेक कामच करत नव्हता. हब काढल्यावर सीलची कड दुमडलेली दिसली, लायनर काळ्या ग्रीसने चकाकत होते आणि चाकाआड कोळशासारखी चिकट भुकटी जमली होती. ग्रीस मुरलेले लायनर पुसून पुन्हा वापरू नयेत. मी त्या ॲक्सलच्या दोन्ही बाजूंचे लायनर आणि सील बदलले. चूक माझी होती, कारण आदल्या वर्षी हब न उघडता टोपणातूनच ग्रीस भरले होते. आता दर वर्षी, किंवा २०,००० किलोमीटर आधी झाले तर तेव्हा, चारही बेअरिंग काढून धुते, रोलरवर निळसर डाग किंवा खड्डे आहेत का पाहते आणि हाताने ग्रीस भरते. मधल्या नटाची कॉटर पिन प्रत्येक वेळी नवी घालते.

टायरविषयी एवढेच, की ट्रेलरचे टायर झिजून निकामी होण्याआधी वयाने निकामी होतात. टायरच्या बाजूवर चार अंकी उत्पादन संकेत असतो. ३६१९ म्हणजे २०१९ सालचा ३६ वा आठवडा. खोल नक्षी शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांनंतर मी तो टायर विश्वासाने वापरणार नाही. दाब सकाळी, टायर थंड असताना मोजावा आणि तापलेल्या टायरमधून हवा काढू नये. ट्रेलरसाठी बनवलेल्या पुष्कळ टायरांची वेगमर्यादा ताशी १०५ किलोमीटर असते, ओढणारी गाडी कितीही वेगवान असो. चाक काढून बसवले असेल तर पहिल्या १५, ४० आणि ८० किलोमीटरनंतर नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत. माझे दोन नट एकदा पहिल्याच थांब्यावर सैल सापडले होते.

आता छत. इथे मला निर्मात्याविषयी खरोखर वाईट वाटते, कारण ट्रेलरच्या खालच्या भागात दिसणारी काळजी वर पोहोचलेलीच नाही. वर जायला शिडी नाही, छत माणसाचे वजन पेलते की नाही हे पुस्तिकेत नाही, आणि छतावरील झरोके, हवेची नळी व कडेच्या पट्ट्या यांच्याभोवतीचे सीलंट दर तीन महिन्यांनी पाहावे असे मात्र त्याच पुस्तिकेत लिहिलेले आहे. मी स्वतंत्र शिडी लावून, आडवी फळी टाकून तिच्यावर गुडघे टेकून तपासणी करते. छत ईपीडीएम रबराचे असल्याने त्यावर पेट्रोलियमयुक्त क्लीनर चालत नाही, आणि सिलिकोन तर लावूच नये, कारण एकदा सिलिकोन लागले की त्या जागी नंतर दुसरे कोणतेही सीलंट नीट धरत नाही. सपाट जागेवर आपोआप पसरणारे सीलंट आणि उभ्या कडेवर न ओघळणारे सीलंट असे दोन वेगळे प्रकार लागतात.

एवढे करूनही दुसऱ्या वर्षी पाणी आत आले. मागच्या कोपऱ्यातील कपाट उघडल्यावर कुबट वास आला, म्हणून मी तळाशी अंगठ्याने दाबून पाहिले, तर वरचा गुळगुळीत थर जागच्या जागी राहिला आणि त्यामागचा प्लाय आत गेला. छत वरून कोरडे होते. दोन दिवस शोधल्यावर वाट सापडली ती छताच्या खाली, मागच्या भिंतीवर उंचावर बसवलेल्या लहान लाल दिव्यात. दिव्यामागची गॅस्केट एका बाजूला चेपलीच गेली नव्हती. पाणी स्क्रूच्या भोकातून भिंतीत शिरून आतल्या आत जमिनीपर्यंत उतरत होते. पाणी जिथे दिसते तिथेच ते शिरते असे क्वचितच असते, त्यामुळे डागाच्या वर जे जे भोक भिंतीला पाडलेले आहे ते सर्व संशयित मानावे. ओला प्लाय कापून काढला, पंखा लावून आठवडाभर पोकळी वाळवली, नवा तुकडा बसवला आणि सगळे बाहेरचे दिवे काढून त्यांच्यामागे पाणी रोखणारी चिकट ब्यूटाइल टेप लावून पुन्हा बसवले. काम बारा दिव्यांचे होते. त्यांपैकी पाच गॅस्केट अशाच अर्धवट बसलेल्या निघाल्या. बाहेरच्या भिंतीवर कुठे फुगवटा दिसला तर थर सुटू लागले आहेत असे समजून तातडीने मूळ शोधावे, कारण त्या टप्प्यानंतरची दुरुस्ती फार मोठी होते. पाच मिनिटांच्या काळजीपूर्वक जोडणीने हे सगळे टळले असते, याची खंत मला आजही वाटते.

गॅसची व्यवस्था पाहिल्यावर पुन्हा खालच्या भागाचे कारागीर आठवतात. दोन सिलिंडरांचा पुढचा कप्पा आतल्या खोलीपासून पूर्ण बंद आहे, त्याच्या तळाला हवा जाण्याची भोके आहेत आणि नळीचा प्रत्येक सांधा साबणाचा फेस लावून तपासता येईल असा उघडा ठेवला आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. म्हणून गळतीचा सूचक जमिनीजवळ असतो आणि हवा जाण्याची खालची भोके पायाला वारा लागतो म्हणून कधीही बुजवू नयेत. कार्बन मोनॉक्साइडचा सूचक वेगळा असतो आणि तो झोपण्याच्या जागेजवळ हवा. या वायूला वास नसतो, आणि झोपेत तो माणसाला जागे न करताच मारतो. शेगडीची ज्योत निळी असावी. पिवळी होऊ लागली तर हवा कमी पडते आहे असे समजून शेगडी बंद करावी. खोली उबदार करण्यासाठी शेगडी पेटवून ठेवणे आणि जनरेटर खिडकीजवळ चालवणे या दोन गोष्टी मी कोणालाही, कितीही थोड्या वेळासाठी, करू देत नाही. सूचकांचे आयुष्य साधारण पाच ते सात वर्षांचे असते आणि मुदतीची तारीख बहुधा मागच्या बाजूला छापलेली असते, म्हणून ते एकदा काढून वाचावे. चालत्या प्रवासात सिलिंडर बंद ठेवते; फ्रीजचे दार न उघडल्यास काही तास थंडावा टिकतो. अतिथंड प्रदेशात जाणाऱ्यांनी सिलिंडरमध्ये काय आहे ते विचारून घ्यावे: प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होतो, ब्यूटेन शून्याच्या आसपासच थांबतो.

फ्रीज अमोनियाच्या शोषणावर चालणारा आहे आणि त्याच्या नळ्यांतून द्रव आपल्याच वजनाने वाहतो, त्यामुळे ट्रेलर तिरका उभा असेल तर तो थंड करत नाही आणि दीर्घकाळ तसा चालवल्यास कायमचा बिघडतो. समतल करण्याचा क्रम महत्त्वाचा आहे: आधी डावी-उजवी बाजू फळ्यांवर चढवून सारखी करावी, मग दोन्ही बाजूंच्या चाकांना ठोकळे लावावेत, त्यानंतरच कपलर सोडावा आणि शेवटी पुढच्या जॅकने लांबीची पातळी जुळवावी. कोपऱ्यांचे आधार फक्त हलणे थांबवण्यासाठी असतात. त्यांनी ट्रेलर उचलला तर सांगाडा वाकतो. मैल्याच्या टाकीची झडप सतत उघडी ठेवू नये. टाकी दोन-तृतीयांश भरल्यावर ती आधी रिकामी करावी आणि मागून धुण्याच्या पाण्याची टाकी सोडावी, म्हणजे नळीही धुतली जाते. टाक्यांची पातळी दाखवणारे दिवे या ट्रेलरमध्ये पहिल्या वर्षानंतर विश्वासार्ह राहिले नाहीत. पाणी गोठेल अशा ठिकाणी ट्रेलर ठेवायचा असेल तर सर्व नळ्या व गिझर रिकामे करावे लागतात. गिझरचे बूच पाणी थंड झाल्यावर आणि दाब सोडल्यावरच काढावे.

विजेच्या जोडणीतील एक दोष मी शेवटी लिहिते आहे, कारण तो मला सर्वांत उशिरा, चौथ्या वर्षी सापडला. ट्रेलर चालत्या गाडीपासून पूर्ण सुटला तर एका बारीक दोरीने पिन ओढली जाते आणि ट्रेलरचे ब्रेक त्याच्याच बॅटरीवर लागतात. या ब्रेकअवे स्विचला थेट बॅटरीपासून तार जायला हवी. या ट्रेलरमध्ये ती बॅटरीची वीज तोडणाऱ्या मुख्य कटऑफ स्विचच्या पुढून घेतलेली होती. उभ्या ट्रेलरची बॅटरी उतरू नये म्हणून कटऑफ बंद करायचा हे पुस्तिकाच सांगते, आणि प्रवासाआधी तो चालू करायला विसरले तर हा शेवटचा ब्रेक निर्जीव राहतो, याचा तिथे उल्लेखही नाही. किती प्रवास मी अशा अवस्थेत केले असतील हे मोजणे शक्य नाही. जाणकार इलेक्ट्रिशियनकडून स्वतंत्र फ्यूजसह ती तार थेट बॅटरीवर घेतली; काम तासाभराचे होते. निर्मात्याला मी आकृतीसह कळवले, त्याचे उत्तर अजून आलेले नाही. बॅटरी उतरलेली असली तरीही हा ब्रेक लागणार नाही, म्हणून निघण्यापूर्वी व्होल्टेज पाहते: विश्रांतीत असलेली शिसे-आम्लाची बॅटरी १२.६ च्या आसपास असेल तर पूर्ण भरलेली आहे, आणि १२.१ च्या खाली असेल तर चार्ज केल्याशिवाय मी हलत नाही.

ज्यांना वर्षातून दोन दिवस हात काळे करायची तयारी आहे आणि ज्यांच्या गाडीची ओढण्याची क्षमता पाटीवरील कमाल वजनापेक्षा पुरेशी जास्त आहे, त्यांना हा ट्रेलर मी सुचवेन. बाहेरच्या भिंतींवरचे सगळे दिवे पहिल्याच आठवड्यात काढून पुन्हा बसवण्याच्या अटीवर. ताबा घेताना विक्रेत्याकडून कटऑफ बंद करवून घ्यावा, ब्रेकअवेची पिन ओढायला लावावी आणि ट्रेलर गाडीने अगदी हळू, हातभर पुढे ओढून पाहावा. चाके अडून राहिली तर पिन लगेच परत बसवावी, म्हणजे ब्रेकचे चुंबक तापणार नाहीत. चाके फिरली तर तार बदलून मिळेपर्यंत कागदांवर सही करू नये.